सत्तेचाळीस नंबरचा बिल्ला

येमूताईंना बसलेलं मी नऊ वर्षांत फक्त दोनदा पाहिलं. एकदा कंपनीच्या आरोग्य शिबिरात, रक्तदाब मोजताना. तिथेही त्यांनी त्या नर्सला विचारलं होतं, "उभ्यानं नाय का गो होत?" दुसऱ्यांदा त्या बसल्या त्याला मी कारण झाले. ते सांगायचं म्हणूनच हे लिहायला घेतलंय, नाहीतर मला लिहायची हौस नाही आणि एका जागी फार वेळ बसवतही नाही. हा गुण बहुधा त्यांच्याकडूनच लागला.

आमची कंपनी पनवेलजवळच्या औद्योगिक वसाहतीत औषधाच्या बाटल्यांची झाकणं बनवते. यमुना कोळी, राहणार गव्हाण, ह्या तिथल्या तपासणीच्या टेबलावर. अख्खी कंपनी त्यांना येमूताई म्हणायची. टेबलाला चार स्टुलं होती. तिघीजणी स्टुलांवर बसायच्या, चौथ्यावर येमूताईंचा डबा बसायचा. समोरून झाकणं यायची, त्या प्रत्येकात अंगठा घालून एक गिरकी द्यायच्या आणि आटा बिघडलेला असला तर तिकडे न बघताच ते डावीकडच्या क्रेटमध्ये भिरकवायच्या. मशीननं पास केलेलं झाकण येमूताईंच्या अंगठ्यानं नापास केलं तर इंजिनियर लोक आधी मशीन उघडून बघायचे. जगातलं कुठलंही झाकण त्यांच्या तावडीतून सुटायचं नाही. माझ्या लग्नात त्यांनी आम्हा दोघांना ओवाळलं, नवऱ्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि माझ्या कानात म्हणाल्या, "पोरगा बरा हाय. पान्याच्या बाटल्या तेवढ्या परत धाड, झाकनं ढिली हायत."

चालत चालत जेवायच्या. तळहातावर भाकरी, भाकरीवर सुकट, आणि कॅन्टीनच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या. कोणी "बसा की ताई" म्हटलं की ठरलेलं उत्तर, "बसलं की पायात मुंग्या येतान." वाटेत कोणाची खुर्ची वाकडी दिसली तर सरळ करतील, कोणाच्या डब्यात भात जास्त दिसला तर शेजारणीच्या डब्यात ढकलतील. वाटणी हा त्यांचा जीव की प्राण. काहीही वाटायचं असलं, दसऱ्याचे पेढे असोत की नव्या गणवेशाचे सदरे, की येमूताई कुठूनतरी हजर व्हायच्या आणि वाटणाऱ्याच्या डोक्यावर उभ्या राहायच्या. मी मनुष्यबळ विभागात, म्हणजे वाटणारी बहुतेक वेळा मीच. तेव्हा मला त्यांचा कंटाळा यायचा हे कबूल करते.

त्यांची वाटणीची रीत मी पहिल्यांदा पाहिली ती केकवर. मला कंपनीत लागून दोन महिने झाले होते. आमच्या कर्णिकसाहेबांचा वाढदिवस होता. केक लहान आणि माणसं जास्त. मी सुरी घेऊन घामाघूम झाले होते, कारण कसाही कापला तरी एका तुकड्यावर क्रीमचा गुलाब येत होता आणि एक तुकडा अगदीच कागदासारखा निघत होता. येमूताईंनी माझ्या हातातली सुरी काढून घेतली.

"आमच्यात जालं ओढलं की वाटे घालतान," त्या म्हणाल्या. "कुठला वाटा कोनाचा ते घालनाऱ्यानं ठरवायचं नाय. सगल्यांनी आपापली खून द्या."

खूण म्हणजे काहीही. कोणी पेनाचं टोपण दिलं, कोणी केसांची पिन, कोणी बसचं तिकीट. कर्णिकसाहेबांनी हसत हसत मोटारीची किल्ली पुढे केली. येमूताईंनी ती परत केली.

"ही नको साहेब. ही कोनाची ते सगल्यांना ठावं हाय. ओलखीची खून चालत नाय."

साहेबांनी मग खिशातला पेपरमिंटचा कागद दिला. सगळ्या खुणा येमूताईंनी एका ताटलीत घेतल्या, बाहेर बागेला पाणी घालणाऱ्या माळ्याला हाक मारली, ताटली त्याच्या हातात दिली आणि स्वतः केककडे पाठ करून उभ्या राहिल्या. माळ्यानं एकेका तुकड्यापुढे एकेक खूण ठेवली. गुलाब मिळाला टपाल नेणाऱ्या वाघमाऱ्यांना. कागदासारखा तुकडा साहेबांना. सगळे हसले, साहेबांनाही हसावं लागलं. ताटलीत येमूताईंची खूण नव्हतीच. मी विचारलं, तर सुरीला चिकटलेलं क्रीम बोटानं निपटत म्हणाल्या, "वाटे घालनाऱ्याचा वाटा शेवटचा. उरंल तो." हे मी तेव्हा ऐकलं आणि विसरले. विसरायला नको होतं.

पुढे कंपनीत शाबासकी योजना आली. महिन्याभरात ज्यानं काही चांगलं काम केलं त्याला सुपरवायझरनं एक कार्ड द्यायचं, त्यावर नाव लिहून ते कॅन्टीनमधल्या प्लॅस्टिकच्या पिंपात टाकायचं, आणि शेवटच्या शनिवारी साहेबांनी एक कार्ड काढायचं. बक्षीस मिक्सर, इस्त्री, कुकर असं काहीतरी. पहिल्या महिन्यात मिक्सर खरेदी विभागाला गेला. मग इस्त्री अकाउंट्सला. मग कुकर पुन्हा खरेदी विभागाला. मग पंखा विक्री विभागाला. खालच्या मशीनवरची माणसं टाळ्या वाजवायची आणि म्हणायची, नशीब ज्याचं त्याचं.

"नशीब काय फक्त एसीत बसतं?" येमूताई म्हणाल्या, आणि पुढच्या सोडतीला सरळ पिंपाशी येऊन उभ्या राहिल्या. "साहेब, मना एकदा हात घालू द्या. बक्षीस नको, नुसता हात."

साहेबांनी हसून परवानगी दिली. येमूताईंनी डोळे मिटले, पिंपात हात घातला आणि एकेक कार्ड न उघडता वर काढत बोलत गेल्या. "हा ऑफिसचा. हा आमचा. हा आमचा. हा ऑफिसचा. हा पन ऑफिसचा." मी उघडून नावं वाचली. पाचही बरोबर.

कारण अगदी साधं होतं. ऑफिसची कार्डं मी जाड कागदावर छापली होती. तो कागद संपला म्हणून खालच्या लोकांना झेरॉक्सची पातळ कार्डं दिली होती. शिवाय ऑफिसची मंडळी आपली कार्डं शनिवारी सोडतीच्या आधी टाकायची, ती वरच राहायची. खालच्यांची महिनाभर आधी पडलेली तळाशी दबून जायची. साहेबांचा हात वरच्या वर जाड कागदाला लागायचा. कोणीही लबाडी केली नव्हती. लबाडी असती तर निदान कोणाला तरी शिव्या देता आल्या असत्या. मला मात्र ओशाळं झालं, आणि ओशाळं झालं की मला राग येतो. मी फणकाऱ्यानं म्हणाले, "मग तुम्हीच सांगा ताई कसं करायचं ते!"

"सांगते ना," त्या म्हणाल्या, जणू वर्षभर त्याचीच वाट बघत होत्या.

अंगठ्याचं मशीन येण्याआधी आमच्याकडे हजेरीला पितळी बिल्ले होते. सकाळी आपल्या नंबरचा बिल्ला बोर्डाच्या खिळ्यावरून काढायचा, संध्याकाळी परत टांगायचा. ते सगळे बिल्ले एका पोत्यात भरून स्टोअरमध्ये पडले होते. येमूताईंनी पोतं ओढत आणलं. "सगले एका वजनाचे, एका मापाचे. घडी नाय, कागद नाय." जुना बोर्ड कॅन्टीनमध्ये लागला. ज्याला कार्ड मिळेल त्याच्या नंबरचा बिल्ला सोडतीच्या दिवशी उतरवायचा आणि पिशवीत टाकायचा. पिशवी येमूताईंनी स्वतः जाड किंतानाची शिवली. बिल्ले त्या उतरवायच्या, पिशवी त्या बांधायच्या आणि हलवायच्याही त्याच, अगदी मासळी धुवावी तशा जोरानं. मी भिंतीकडे तोंड करून हात घालायचा. आणि मग त्यांचा सगळ्यात आवडता भाग. उरलेले बिल्ले त्या सगळ्यांसमोर भराभर परत खिळ्यांवर टांगायच्या. शेवटी जिंकणाऱ्याचा एकच खिळा रिकामा दिसला पाहिजे. "बगा सगल्यांनी," त्या म्हणायच्या. "कोनाचा डोला चुकवून काय झालं असंल तर आताच बोला."

त्या महिन्यात मिक्सर गेला मोल्डिंगच्या एका माणसाला. त्याला नाचता येत नव्हतं, तरी तो नाचला.

एवढ्यावर गप्प बसतील तर त्या येमूताई कसल्या. सफाईच्या बायका ठेकेदाराच्या, त्यांना बिल्लेच नव्हते. एका शनिवारी येमूताईंनी पिशवीचं तोंड बांधायचंच नाकारलं. सलमाबी फरशी पुसायची, ती त्यांच्या दंडाला धरून म्हणाली, "जाऊ द्या ना ताई, आमचं काय, खुदा देईल."

"खुदाला तुजा नंबर तर कलू दे," येमूताई म्हणाल्या आणि साहेबांकडे वळल्या. "साहेब, ह्या झाडू कोनाच्या जमिनीवर मारतान? ठेकेदाराच्या?"

सोडत एक आठवडा लांबली. साहेब माझ्यावर चिडले, मी येमूताईंवर चिडले, आणि जुन्या पनवेलमध्ये नंबर कोरणाऱ्याच्या दुकानात जाऊन चौदा नवे बिल्ले करून आणले. दुकानदारानं जुन्यासारखंच पितळ वापरलं. सलमाबीनं तिचा बिल्ला ओढणीनं पुसून आपल्या हातानं खिळ्याला टांगला आणि नंतर दिवसभर येता-जाता बोर्डाकडे बघत होती. माझी चीड त्या दिवशी उतरली ती कायमची. त्या दिवसापासून मी येमूताईंची झाले म्हणा ना.

म्हणूनच मला ते खुपायला लागलं. इतक्या वर्षांत सत्तेचाळीस नंबर एकदाही निघाला नव्हता. सत्तेचाळीस म्हणजे येमूताई. कार्ड तर त्यांना जवळजवळ दर महिन्याला मिळायचं. बायका म्हणायच्या, देवळात घंटा वाजवणाऱ्याला प्रसाद मिळत नाही तसं झालंय. त्या स्वतः मात्र कधी चकार शब्द काढायच्या नाहीत.

मग त्यांच्या निवृत्तीचं वर्ष आलं. दिवाळीच्या मोठ्या सोडतीला कंपनीनं स्कूटर ठेवली होती, आणि सोडतीचा दिवस हाच त्यांचा कामाचा शेवटचा दिवस. स्कूटर आठ दिवस आधीच कॅन्टीनमध्ये आणून उभी केली होती. एका दुपारी मी आत गेले तर येमूताई एकट्याच तिच्याजवळ होत्या. पेट्रोलचं झाकण उघडत होत्या, लावत होत्या, पुन्हा उघडत होत्या.

"आटे बरे हायत," मला बघून त्या म्हणाल्या. मग मागच्या सीटवर हात ठेवून, "हितं टोपली राहील का गो? मासलीची?"

त्यांची मुलगी दीपा सुकापूरच्या सोसायट्यांमध्ये दारोदार मासळी विकायची. गव्हाणहून रिक्षा, मग पनवेल, मग पुन्हा रिक्षा, डोक्यावर टोपली. रिक्षावाले वासामुळे घ्यायचे नाहीत. हे येमूताईंनी मला तक्रार म्हणून कधी सांगितलं नव्हतं, दुसऱ्याच कुठल्या गोष्टीत बोलता बोलता आलं होतं. पण त्या दिवशी सीटवर ठेवलेला त्यांचा हात मी पाहिला. तो हात नेहमीसारखा चुळबुळत नव्हता. मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

नंबर कोरणाऱ्याच्या दुकानाचा रस्ता मला ठाऊकच होता. सत्तेचाळीस नंबरचा आणखी एक बिल्ला मी करून घेतला. बेत सोपा होता. तो तळहातात लपवून पिशवीत हात घालायचा आणि तोच बाहेर काढायचा. येमूताईंना हार घालायला लोक पुढे नेतील, तेवढ्यात उरलेले बिल्ले मीच टांगायचे आणि त्यांतला खरा सत्तेचाळीस हळूच उचलायचा. मला यात काही गैर वाटलं नाही, उलट फार बरं वाटलं. आयुष्यभर दुसऱ्यांना बरोबर वाटा देणाऱ्या बाईला एकदा मिळायला नको का? मी कोणालाही विचारलं नाही. विचारलं असतं तर अर्ध्या कंपनीनं माझी पाठ थोपटली असती, अजूनही थोपटतील.

सोडतीच्या दिवशी येमूताई नवी साडी नेसून आल्या होत्या, अंबाड्यावर अबोलीचा गजरा. पिशवी नेहमीसारखी बांधली, हलवली. मी भिंतीकडे तोंड करून हात घातला, काढला आणि वळून ओरडले, "सत्तेचाळीस!"

कॅन्टीन नुसतं फुटलं. ताटं वाजली, शिट्ट्या झाल्या, सलमाबी रडायला लागली. वाघमारे हार घेऊन धावले. आणि येमूताई जागच्या हलल्या नाहीत. नऊ वर्षांत पहिल्यांदा ती बाई मी अशी स्थिर उभी पाहिली. मग त्यांचा हात कमरेला गेला. कनवटीला खोचलेला बटवा त्यांनी काढला, उघडला आणि त्यातून एक पितळी बिल्ला बाहेर आला. सत्तेचाळीस.

त्यांनी स्वतःचा बिल्ला पिशवीत कधी टाकलाच नव्हता. एकदाही नाही. बोर्डावरून उतरवताना सत्तेचाळीस कनवटीला जायचा आणि टांगताना भराभर सगळ्यांबरोबर परत खिळ्यावर. पिशवी बांधणाऱ्याचा वाटा शेवटी, उरेल तो. आणि सोडतीत शेवटी काही उरत नाही. इतकी वर्षं त्या इतरांच्या मिक्सर-कुकरसाठी पिशवी हलवत राहिल्या होत्या आणि आम्ही त्यांच्या नशिबाला बोल लावत होतो.

त्या माझ्याजवळ आल्या. माझ्या हातातला बिल्ला घेतला आणि त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला. मला कळलं की त्यांना कळलं. नवा आहे, कड अजून घासलेली नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर परवडलं असतं. झाकण क्रेटमध्ये टाकण्याआधी कधीकधी त्या ते परत एकदा उचलून बघायच्या, चुकून चांगलं तर नाही ना म्हणून. तसं पाहिलं.

मग त्यांनी माइक घेतला. "थांबा सगले. माजा बिल्ला पिशवीत नव्हता. हा दुसरा कुठून आयला ते कोनी इचारू नका. पिशवी माज्या हातात होती, म्हंजे चूक माजी. सोडत परत होईल."

मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. समोर कर्णिकसाहेब उभे होते, भिवया वर गेलेल्या, आणि माझं तोंड मिटलं. एवढंच झालं. त्या अर्ध्या मिनिटाचा मी नंतर किती वेळा विचार केला याला गणती नाही.

फाटकाशी गॅसच्या टाक्या घेऊन आलेला टेंपोवाला उभा होता, त्याला बोलावून त्याच्याकडून बिल्ला काढवला. नंबर निघाला अकाउंट्सच्या देशपांड्यांचा. त्यांच्याकडे आधीच मोटार होती. येमूताईंनी किल्ली त्यांच्या हातात दिली, दोन हातांनी टाळ्या वाजवल्या, उरलेले बिल्ले एकेक करून खिळ्यांवर टांगले, आपला खरा बिल्लाही टांगला, म्हणाल्या, "बगा सगल्यांनी." कोणी बघत नव्हतं. लोक आपसांत कुजबुजत होते. मग त्या कॅन्टीनच्या पायरीवर जाऊन बसल्या. हार घातलेला, हातात निवृत्तीची भेट म्हणून मिळालेलं भिंतीवरचं घड्याळ. फाटकाबाहेर रिक्षा येईपर्यंत बसून होत्या. मी चार पावलांवर उभी होते आणि गेले नाही.

लोकांचं तोंड कोण धरणार? म्हातारीनं जाता जाता हात मारायला बघितला, दोन बिल्ले निघाले तेव्हा सारवासारव केली, एवढ्या वर्षांत आणखी काय काय केलं असेल कोण जाणे. मिक्सर जिंकून नाचलेला तो मोल्डिंगवालाही हे म्हणाला. साहेब म्हणाले, "मला त्या पिशवीचा आधीपासून संशय होता," आणि सोडत संगणकावर गेली. पडद्यावर एक रंगीत चाक फिरतं, नाव येतं. ठेकेदाराच्या बायकांची नावं यादीत नाहीत, कारण ती यादी पगारपत्रकावरून येते. सलमाबीनं एकदा मला विचारलं, "मॅडम, आमचा बिल्ला?" मी म्हटलं, बघते. घरी गेले तर जेवण जाईना. पोळी हातात घेऊन मी खोलीत फेऱ्या मारत होते, आणि नवरा म्हणाला, "बस ना जरा, काय चाललंय तुझं?"

आठ महिने असे काढले. मग एका रविवारी उठले आणि गव्हाणला गेले.

दीपा म्हणाली, आई खाडीवर आहे. बांधावरून चालत गेले तर खाली सहा-सात बायका-पुरुष चिखलात उभे होते, नुकतं जाळं ओढलं होतं आणि ताडपत्रीवर मासळीचे वाटे घातले होते. डोक्यावरून विमान गेलं, कोणी वर पाहिलं नाही. येमूताई साडी खोचून वाट्यांभोवती फिरत होत्या, ह्यातली कोळंबी त्यात टाक, त्यातल्या चिंबोऱ्या ह्यात. एका वाट्यात लांबलचक जिताडा होता, सगळ्यांत महाग मासा. त्याच्या बदल्यात बाकीचे वाटे भरून भरून त्या दमत नव्हत्या.

"आयलीस?" मला बघून म्हणाल्या, जणू कालच भेटलो होतो.

मी पाठ केल्यासारखं सगळं एका दमात सांगून टाकलं. बिल्ला मी केला होता, चांगल्या मनानं केला होता, तुमच्यावर आळ आला, मी गप्प राहिले, मला माफ करा. सगळ्यांदेखत सांगितलं. त्या ऐकत होत्या आणि एका वाट्यातली दोन निवटी, चिखलातली बारकी मासळी, उचलून दुसऱ्यात टाकत होत्या.

"कॅन्टिनात सांगितलंस?"

"नाही."

"मंग हितं कशाला सांगतेस? मना ठावं हाय, आनी ह्यांचा काय संबंध?" त्यांनी हात पदराला पुसले. "बरी आयलीस पन. हितं कोनाला ओलखत नायस तू. खुना ठेव."

एका नारळाच्या करवंटीत खुणा गोळा झाल्या होत्या. ती त्यांनी माझ्या हातात दिली आणि वाट्यांकडे पाठ करून खाडीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. आज जाळं धरायला त्याही होत्या आणि वाटे दुसऱ्या एका म्हाताऱ्यानं घातले होते, येमूताई नुसतं कमीजास्त बघत होत्या, म्हणजे आज त्यांचाही वाटा होता. मी करवंटीत पाहिलं. शिंपला, काडेपेटीची काडी, बांगडीचा तुकडा, शर्टाचं बटण, दोरीची गाठ, आणि पितळी बिल्ला. सत्तेचाळीस. कड अजूनही चकचकीत.

तो त्यांनी ठेवून घेतला होता. माझ्या पायाशी जिताड्याचा वाटा होता. सगळ्यांच्या पाठी माझ्याकडे. दीपाचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर आला, सुकापूरला एका जिताड्याचं गिऱ्हाईक किती वाट बघतं तेही. मी आणलेलं माफीचं सगळं भाषण त्या एका माशात मावलं असतं. कोणाला कळलं नसतं, आणि कदाचित तेच बरोबर झालं असतं. हात खरोखरच तिकडे गेला. मी खोटं सांगत नाही.

"ताई," मी म्हटलं, "यातली एक खूण माझ्या ओळखीची आहे. मी नाही ठेवणार."

त्या वळल्या नाहीत. मग बांधावरून सायकलवर चाललेल्या एका अनोळखी माणसाला त्यांनी हाक मारली. त्यानं सायकल आडवी टाकली, चप्पल काढली आणि करवंटी घेतली. बिल्ला पडला निवट्यांच्या वाट्यावर. जिताडा गेला शर्टाच्या बटणाला.

येमूताईंनी निवटी टोपलीत भरली, बिल्ला चिखलातून उचलला, खाडीच्या पाण्यात धुतला आणि माझ्या तळहातावर ठेवला. "हा घेऊन जा. ज्या माइकवर मी बोलली त्याच माइकवर दाखव."

पुढच्या शनिवारी मी तो दाखवला. चाक फिरायच्या आधी माइक घेतला आणि सांगितलं, नंबर कोरणाऱ्याच्या दुकानापासून सगळं. कर्णिकसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. तिथे काय झालं त्याचं मला दुःख नाही. पितळी बोर्ड परत लागला नाही, निदान अजून तरी नाही. सलमाबी पोछा तसाच टाकून माझ्या शेजारी येऊन उभी राहिली, एवढं झालं.

पण डोळे मिटले की कॅन्टीन दिसत नाही. दिसतो तो गव्हाणचा बांध. बिल्ला माझ्या हातात देऊन झाल्यावर येमूताई टोपली डोक्यावर घेऊन चालायला लागल्या होत्या, नेहमीच्याच झपाट्यानं, चिखलानं भरलेल्या पोटऱ्या, मागे न बघता. दीपाला सुकापूरला जायला उशीर होत होता. मी मागून पळत होते आणि माझ्यानं त्यांना गाठवत नव्हतं. दहा-बारा पावलांवरून, तशाच पाठमोऱ्या, त्यांनी ओरडून विचारलं, "आता बरं वाटतं का गो?"

मी म्हटलं, "नाही."

"वाटंल," त्या म्हणाल्या. "आदी सांग तर खरी."